दोन मिस कॉल

"आता त्या डब्याफुडं बसून आरती करतीस का काय?" ज्वारीचा डबा कमरेवर घेत वनमालाबाईंनी विचारलं.

तेजश्री ओव्हनच्या काचेला नाक लावून बसली होती. आत कॉइलच्या लालसर उजेडात केक कडेकडेने वर यायला लागला होता, आणि अशा वेळी नुसतं बोललं तरी तो खाली बसेल, असं तिला वाटत होतं. आधीचे तीन केक असेच बसले होते. पहिला तर म्हशीनेसुद्धा हुंगून सोडून दिला, आणि ही बातमी वनमालाबाईंनी गल्लीत चार घरी पोचवली होती.

"पुरणाची पोळी कर म्हणलं तर न्हाई. पन्नाशीच्या माणसाला केक! उद्या फुगे बी लावशील."

"फुगे आणलेत आई."

"आगं बया बया!" म्हणत वनमालाबाई गिरणीला निघाल्या. उंबऱ्यात मात्र थांबून हळूच म्हणाल्या, "वरून काजू लाव. त्यांना काजू लई आवडतेत."

'त्यांना' म्हणजे शहादेवला, तेजश्रीच्या आण्णांना. आज एक जून. आण्णांचा वाढदिवस. आता एक जून ही तारीख खरी, की शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या गावाला वाटली तशीच यांनाही वाटली, हे विचारू नका. खरी तारीख सांगणारं माणूस आता वर गेलं. पण गावात कालपरवा मिसरूड फुटलेल्या पोराचाही 'भाऊ' म्हणून चौकात बॅनर लागतो, तलवारीने केक कापला जातो. आणि त्या बॅनरवरचा बल्ब ज्याच्या जिवावर पेटतो, त्या माणसाला आयुष्यात कुणी साधी मेणबत्ती लावली नव्हती. तेजश्रीला हे फार दिवस खुपत होतं.

शहादेव गावचा वायरमन होता. म्हणजे नव्हताही. खरा वायरमन पंडित, त्याचा पगार निघायचा, आणि तो केजला राहायचा. शहादेव 'झिरो वायरमन'. रजिस्टरला नाव नाही, अंगावर वर्दी नाही. पंडितच्या वाटचे पोल गेली तेवीस वर्षं हाच चढत होता. फ्यूज उडाला, तार तुटली, डीपी जळाली की लोक रात्री-बेरात्री याचंच दार वाजवायचे. "मेले तरी कागदावर कुणी मरणार न्हाई," असं वनमालाबाई चिडल्या की म्हणायच्या. आण्णा हसायचे. हा ओव्हनही त्यांनीच मोडीतून उचलून आणला होता, कॉइल बदलली, बटण बसवलं आणि लेकीपुढे ठेवला, "घे, कर तुझी बेकरी."

आज दुपारी ते युसूफ वडगावला सामान आणायला गेले होते. संध्याकाळपर्यंत येणार. घाईत मोबाईल चार्जिंगलाच राहिला, तेही बरंच झालं असं तेजश्रीला वाटलं. मधे त्यांचा फोन आला असता तर तिच्या पोटात काही राहिलं नसतं.

वीस मिनिटं झाली आणि लाईट गेली.

"न्हाई न्हाई न्हाई!" तिने ओव्हनवर हात आपटला. आतला उजेड विझला. अर्धा कच्चा केक आता मधोमध खड्डा पाडून बसणार, हे तिला न बघता कळलं. दार उघडायचीही सोय नाही. उघडलं की उरलीसुरली ऊब गेली.

तिच्या फोनला रिचार्ज नव्हता. आण्णांचा फोन समोरच होता, आणि त्यात सबस्टेशनवर ड्यूटीला असणाऱ्या बंकटकाकांचा नंबर पहिलाच. बंकटकाका घरच्यासारखे. दिवाळीला फराळाला यायचे. त्यांना म्हणावं, काका, केक आत हाय, पंधरा मिनिटं तरी लाईट सोडा.

तिने फोन लावला. एक रिंग गेली आणि कट झाला. रेंजचं हे रोजचंच रडगाणं. तिने पुन्हा लावला. पुन्हा एक रिंग, पुन्हा कट. "जळो मेला हा फोन," म्हणत ती तिसऱ्यांदा लावणार, इतक्यात ओव्हनमध्ये लाल उजेड पडला.

"आली!" तेजश्रीने टाळी वाजवली.

टाळी संपायच्या आत लाईट गेली.

आणि तिथेच तिचे हात हवेत राहिले. वायरमनची लेक होती ती. आण्णांनी तिला लहानपणी ओट्यावर बसून सांगितलं होतं, "लाईट नुसती गेली तर घाबरायचं न्हाई. पण आली अन् लगीच गेली, की समजायचं तारंला कायतरी चिकटलंय. फांदी, न्हाईतर घार, न्हाईतर माणूस."

हातातला फोन वाजला. बंकटकाका.

"शहादेव, आरं काम झालं म्हणून दोन मिस कॉल दिलास अन् लाईन कावून थांबंना बे? सोडली की ट्रीप मारली!"

"काका... मी तेजश्री."

बंकट इतक्या हळू बोलला की तिने फोन कानावर दाबून धरला.

"शहादेव कुठं हाय?"

"वडगावला गेलेत."

"आगं न्हाई गेला! हनुमानच्या मळ्यात बाभळीची फांदी पडलीय तारंवर, त्यानं वाटंतच आडवलं त्याला. हनुमानच्या फोनवरून मला म्हणला, लाईन बंद कर, वर चढतोय. आमचं ठरलेलं हाय, रेंज न्हाई म्हणून. एक मिस कॉल म्हणजे बंद, दोन म्हणजे सोड. मला वाटलं, फोन घ्याया घरी आला आसंल, काम झालं आसंल... तेजश्री, पोरी, तू कावून फोन केलास गं?"

तेजश्रीने ओव्हनकडे पाहिलं.

"हनुमानचा फोन लागंना," बंकट रडायच्या घाईला आला होता. "लाईन मी आता वडून बंद ठेवलीय. तू पळ. बघ जरा. पळ!"

ती उठली, आणि दाराशेजारच्या खिळ्याकडे तिचं लक्ष गेलं. खिळ्यावर साखळी होती.

आण्णांची साखळी. तारेवर टाकून दुसरं टोक जमिनीत पुरायची. चुकून कुणी लाईन सोडलीच तर करंट माणसात न जाता साखळीतून जमिनीत जातो. "देवाला इसरलो तरी चालंल, साखळीला न्हाई," असं म्हणणारा माणूस आज सामान आणायला म्हणून निघाला होता. साखळी कशाला नेईल? ती खिळ्यावर होती, आणि तो पोलवर.

तेजश्री अनवाणी पळत सुटली.

हनुमानचा मळा दीड किलोमीटर. जूनचं ऊन, पायाखाली तापलेला फुफाटा. गिरणीच्या कोपऱ्यावर वनमालाबाई न दळलेला डबा घेऊन परत येत होत्या. "आगं चप्पल! काय झालं? तेजे!" तेजश्री थांबली नाही. थांबली असती तर सांगावं लागलं असतं, की आई, मी आण्णांना मारलं. हेच वाक्य तिच्या डोक्यात प्रत्येक पावलाला आपटत होतं. मी मारलं. केकसाठी. खड्डा पडू नये म्हणून.

गेल्या वर्षी पलीकडच्या गावात असाच एक झिरो पोलवर चिकटला होता. त्याला खाली उतरवायला आण्णाच गेले होते. परत आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "त्याच्या खिशात लेकरासाठी घेतलेल्या गोळ्या होत्या." तेजश्रीला आता त्या गोळ्या दिसत होत्या. आंबेजोगाईच्या योगेश्वरीला तिने पायी येण्याचा नवस बोलला, मग ओटी बोलली, मग म्हणाली, आई, माझा हात घे, दोन्ही हात घे, परत कधी फोनला हात लावणार नाही. देवाशी घासाघीस करायला जीभ आपोआप वळते, वेळ तशी आली की.

ओढा चढून ती वर आली तेव्हा पोल दिसला. पोलवर माणूस नव्हता.

उतरला, की पडला? खाली बाभळीजवळ चार-पाच माणसं वाकून उभी होती. कुणीतरी पाणी घेऊन धावत होतं. तेजश्री तिथेच थांबली. तिला पुढे जायचं नव्हतं. जोवर ती बघत नव्हती तोवर आण्णा होते.

"आगं ये, ये पोरी!" हनुमानने तिला ओळखून हाक मारली. "काय न्हाई झालं! बसलेत!"

माणसं बाजूला झाली. आण्णा बाभळीच्या बुंध्याला टेकून बसले होते. तोंड मातीसारखं, मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा, हातात पाण्याचा तांब्या. तांब्या निम्मा रिकामा होता, पण पाणी सगळं सदऱ्यावर. हात इतके थरथरत होते, की पाणी तोंडापर्यंत पोचतच नव्हतं.

पोलजवळ, मातीत अर्धी गाडलेली, एक काळी पडलेली साखळी होती. आणि गोठ्यात हनुमानचा बैल मोकळाच उभा होता, दाव्याबिगर.

"म्या म्हणलं, आरं बाबा, पाच मिनटाचं काम, चढ की तसाच," हनुमान सगळ्यांना सांगत होता. "तर म्हणला, साखळी बिगर हात लावणार न्हाई. माझ्या बैलाची साखळी सोडली, तिला वायर जोडली अन् टाकली तारंवर! ती नसती ना... असा जाळ झाला, असा! देव तारी त्याला कोण मारी. पण त्या बंकटला सोडायचं न्हाई. दारू पिऊन बसतोय का काय ड्यूटीवर? तक्रारच करतो!"

"तक्रार न्हाई करायची." आण्णांचा आवाज घोगरा होता. "माझीच चूक. मिस कॉलचं मीच सांगून ठेवलतं."

"आरं पण कुणी दिला मिस कॉल?"

आण्णांनी तेजश्रीकडे पाहिलं. तिला कळलं, की ती वाटेत असताना बंकटचा फोन येऊन गेलाय, यांना सगळं ठाऊक आहे.

"रेंजचा घोळ," आण्णा म्हणाले. "इषय संपला."

माणसं पांगली तशी तेजश्री त्यांच्या पायाशी बसली आणि मग तिचा बांध फुटला. "आण्णा, मीच केला फोन. केक केलता तुमच्यासाठी. लाईट गेली म्हणून... मला काय ठावं..."

"केक? कावून?"

"तुमचा वाढदिवस हाय ना आज."

"आगं येडे, ती तर मास्तरानं लिव्हलेली तारीख." मग काळ्या पडलेल्या साखळीकडे आण्णांची नजर गेली. "जाऊ दे. आजपास्नं खरी झाली म्हणायची."

ते हसले, पण हात थांबेनात. तेजश्रीने तांब्या धरला आणि लहान लेकराला पाजावं तसं त्यांना पाणी पाजलं.

उरलेली फांदी काढायला केजहून पंडित आला. वर्षभरात पहिल्यांदा पोल चढला म्हणे, आणि चढताना सगळ्या गावाला शिव्या देत होता. आण्णांनी त्याला फक्त एकच सांगितलं, "साखळी टाक." एरवी दुसरा कुणी चढला की खाली उभं राहून दहा सूचना करणारे आण्णा पाठ फिरवून घरी निघाले.

दिवेलागणीला केक बाहेर निघाला. कडा उभ्या, मधे डबकं. तेजश्री काजू लावायला तयार नव्हती, वनमालाबाईंनीच लावले. एकेक काजू त्यांनी खड्ड्यात नीट बसवला. फुगे पिशवीतच राहिले. मेणबत्ती लावली, कारण गावात अजून अंधारच होता.

आण्णांनी सुरी घेतली. सुरीचं टोक ताटलीच्या कडेवर टकटक वाजायला लागलं. तेजश्रीने त्यांच्या हातावर हात ठेवला, त्यावर वनमालाबाईंनी ठेवला, आणि तीन हातांनी मिळून तो केक कापला. गाणं कुणी म्हटलं नाही.

"मधी कच्चा हाय," तेजश्री रडवेली होऊन म्हणाली.

"कडंचा दे मग," आण्णा म्हणाले.

इतक्यात लाईट आली. गल्लीत पोरांनी "आली रे आली!" असा गलका केला, गिरणी सुरू झाली. आणि कोपऱ्यात ओव्हन लाल झाला. दुपारपासून त्याचं बटण चालूच राहिलं होतं. रिकामा ओव्हन घरघरायला लागला.

बटण आण्णांच्या हाताशीच होतं, भिंतीवर, दीड वितीवर. त्यांनी हात उचलला. हात बटणापर्यंत गेला आणि बोटभर अलीकडे थांबला. तेवीस वर्षं तारांना हात लावलेला माणूस, घरातल्या बटणाकडे बघत राहिला. वनमालाबाईंनी मान खाली घातली.

"तेजे," आण्णांनी हात मागे घेऊन मांडीखाली दाबला, "तेवढं बटण बंद कर गं."

तेजश्रीने उठून बटण बंद केलं.

"काजू चांगले लागतेत," आण्णा म्हणाले, आणि खाली बघत कडेचा तुकडा खात राहिले.