नागासे-सानांची पहिली वाचक

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत आमच्या शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्याने आजवर दोनशेच्या वर खून केलेत. सगळे कागदावर. नागासे-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी') जपानातले रहस्यकथाकार. ओसाकात विमा कंपनीत कारकून असताना लिहायला लागले आणि पुढे चाळीस वर्षं कादंबऱ्यांचा रतीबच घातला. त्यांची एक पद्धत होती. शेवटचं प्रकरण वगळून सगळी कादंबरी बायकोला वाचून दाखवायची. तिने खुनी ओळखला, की कादंबरी केराच्या टोपलीत. मग बायको गेली आणि लिहिणंही थांबलं. मुलीने त्यांना इथे आणलं, तर तीन वर्षं नुसते खिडकीत बसून!

मला ते बघवेना. मी नागपूरची, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, आता मुलाकडे असते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एका रविवारी बुद्धवंदना झाल्यावर त्यांना जेवायला बोलावलं. पाटवडीचा रस्सा वाढला, ते नको नको म्हणत असताना आणखी वाढला आणि म्हटलं, "लिहा. मी ऐकते."

"आई, ते फेमस रायटर आहेत. असं डायरेक्ट काय सांगता?" माझी सून जागृती स्वयंपाकघरात कुजबुजली.

पण ते खरंच लिहून घेऊन आले. इंग्रजी दोघांचंही अडखळतच, पण खुनाला फार शब्द लागत नाहीत. अर्ध्यावरच मी म्हटलं, "पुतण्या."

त्यांचा चेहरा उतरला. "कसं ओळखलंत?"

"काका आजारी, आणि याने एकदाही 'अजून थोडं घ्या' म्हटलं नाही. समोरच्याच्या पोटाची काळजी नाही, त्याच्या मनात काळंबेरं असणारच."

ती कादंबरी केरात गेली. पुढची ऐकवली, तिच्यातला डॉक्टरही मी असाच पकडला. तिसरी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "ही शेवटची. हीही ओळखलीत, तर मी पुन्हा लिहिणार नाही."

जागृतीने मला बाजूला घेतलं. "आई, प्लीज. या वेळी मुद्दाम राँग नाव सांगा ना. नागासे-काका पूर्ण डिप्रेस होतील." मला पटलं.

या वेळी डोंगरातल्या एका खानावळीत खून होता. मालकीण विधवा, सगळ्यांना बळेबळे खाऊ घालणारी, निघताना डबा बांधून देणारी. मला ती फार आवडली. कोपऱ्यात एक चित्रकार बसायचा, कुणाला साधा चहा विचारायचा नाही. हाच खुनी, मला शंकाच नव्हती. म्हणून मी सर्वांत निष्पाप नाव घेतलं.

"मालकीण."

नागासे-सानांनी कागद मिटले. उठले आणि बूट घालू लागले.

"म्हणजे? खरंच ती?" मी ओरडलेच. "शक्य नाही! इतक्या प्रेमाने वाढणारी बाई खून करेलच कशी?"

"पण तुम्हीच तर…"

"खोटं बोलले मी! तुम्ही लिहिणं सोडू नये म्हणून! माझ्या मते तो चित्रकार होता!" मला भयंकर लाज वाटत होती, पण रागही आवरेना. "आणि तुम्हाला काही वाटतं का हो? बिचारी रात्रंदिवस राबते, उरलासुरला घास स्वतः खाते, आणि तिला खुनी करता? बदला ते शेवटचं प्रकरण. आत्ताच्या आत्ता बदला!"

एका पायात बूट, एक हातात, असे ते ऐकत राहिले. मग हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"बायको गेल्यापासून," ते म्हणाले, "माझ्याशी असं कुणी भांडलं नव्हतं."

त्यांनी बूट काढून ठेवला आणि आत येऊन बसले. मीही डोळे पुसले. शेवट मात्र मी त्यांना बदलायलाच लावणार होते.