प्राणरक्षक कडूबा

"काका, हा घाला आधी. सगळे सारखे दिसले पाहिजेत. फोटो थेट दिल्लीला जातो," म्हणत राजकुमारनं पिवळा टी-शर्ट पुढे केला.

कडूबानं तो झटकून पाहिला. छातीवर 'मी स्वयंसेवक' असं छापलेलं. अंगात बायकोनं, सिंधूताईनं, इस्त्री करून आणलेला पांढरा सदरा होता. त्याच्यावरूनच त्यानं टी-शर्ट चढवला. तो पोटाशी येऊन अडकला.

"पोतं दिसून राह्यलो मी."

"चांगले दिसून राह्यले. गप बसा जरा," सिंधूताई म्हणाली.

बुलढाण्याच्या त्या सभागृहात सगळे पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. निःस्वार्थ सेवा करणाऱ्यांचा गौरव करायची योजना केंद्र सरकारनं काढली होती आणि जिल्ह्यातली माणसं शोधायचं काम राजकुमारकडे होतं. उंद्रीच्या पलीकडं कडूबाचं खेडं. तिथं येऊन, दारातच उभं राहून राजकुमारनं मोबाईलवर त्याची नोंदणी केली होती. सेवेचे तास किती, असं त्यानं विचारलं तेव्हा कडूबा हसला होता. "पाण्यात घड्याळ घालून उतरतेत काय बाप्पा?"

विहिरीत, तलावात, धरणात कोणी बुडालं की पोलीस कडूबाला बोलवायचे. तो उतरायचा, तळ चाचपायचा आणि मढं वर आणायचा. त्याबद्दल कधी काही घेत नसे. का घेत नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. मेलेल्याच्या आईपुढे हात पसरणाऱ्याची त्याला किळस यायची, एवढंच.

तशी किळस त्याला बऱ्याच जणांची यायची. काठावर उभं राहून 'डावीकडं पाहा, डावीकडं' ओरडणाऱ्यांची. नाकाला रुमाल लावून व्हिडिओ काढणाऱ्यांची. सगळ्यांत जास्त भावकीची. हा मढी काढतो, म्हणून भावकीनं त्याच्या घरी येणं-जाणं कधीच सोडून दिलं होतं. कडूबाला त्याचं काही वाटत नव्हतं. सिंधूताईला वाटायचं. गल्लीत हळदीकुंकू असलं की ती दार लोटून घरात बसायची. "सरकारनंच मान देल्ला तं मंग येतीन ना लोक," असं ती म्हणाली, म्हणून तो आला होता. नाहीतर असल्या तमाशावर तो थुंकलाही नसता.

शेजारच्या खुर्चीत शेखर नावाचा तरुण होता. माळरानावर झाडं लावल्याबद्दल त्याचा सत्कार होता.

"जगली काय झाडं?" कडूबानं विचारलं.

"फोटो आहेत ना काका, सगळे अपलोड केलेत."

कडूबा पुन्हा त्याच्याशी बोलला नाही.

पाहुणे आले, भाषणं झाली. मग निवेदन करणाऱ्या गार्गी मॅडमनी आवाज चढवला, "बुडणाऱ्यांना जीवदान देणारे, आपल्या जिल्ह्याचे प्राणरक्षक!" पाहुण्यांनी कडूबाच्या हातात ढाल दिली. तिच्यावरही तेच कोरलेलं होतं. प्राणरक्षक कडूबा. "दोन शब्द बोला," म्हणून कोणीतरी माईक पुढे केला.

"मी कोनालेच जीवदान देल्लं नाही," कडूबा म्हणाला. "मले बोलावतेतच मेल्यावर. एक पोरगी तं इहिरीची खालची पायरी धरूनच मेली होती. तिची बोटं सोडवा लागली मले. वरतं सारं गाव उभं होतं. तिले कोनी वाचवलं नाही. तसं लिहा ह्याच्यावर."

पाहुण्यांनी खाली मान घालून मोबाईल पाहिला.

"किती हा विनम्रपणा!" गार्गी मॅडम म्हणाल्या. "जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. कडूबा त्या वाजणाऱ्या हातांकडे पाहत राहिला. विहिरीच्या तळच्या सडक्या गाळाचाही त्याला इतका तिटकारा कधी आला नव्हता.

परतीच्या बसमध्ये सिंधूताईनं ढाल मांडीवर घेऊन तिच्यावर पदर घातला होता. ती म्हणाली, "नसते बोलले तं चाललं नसतं काय?"

"खोटं छापलं त्याईनं."

"छापू द्या ना. माह्यासाठी छापू द्या."

कडूबाजवळ दुनियेला द्यायला शिव्या होत्या. तिला द्यायला काही नव्हतं.

घरी पोचताच सिंधूताईनं अंगणात लांबरुंद सतरंजी अंथरली, चुलीवर चहा ठेवला. आणि खरंच लोक आले. चुलतभाऊ दयाराम आला, त्याची सून छकुली लेकरू घेऊन आली, मागून आणखी भावकी आली. सगळ्यांनी ढाल हातात घेऊन पाहिली, तिच्यासोबत फोटो काढले.

"खानदानाचं नाव काढलं बे कडूबा!" दयाराम म्हणाला.

"बसा ना भाऊजी. चहा झालाच."

"आताच घेऊन आलो वयनी. घाईत हाओ."

छकुलीचं लेकरू सतरंजीवर पाय टाकायला निघालं. तिनं दंड धरून त्याला मागं ओढलं. कोणी कडेला उभं, कोणी फाटकाशी. चहा कपांत ओतेपर्यंत अंगण रिकामं झालं.

सिंधूताई ताट धरून तशीच उभी राहिली.

कडूबाच्या ओठांवर शिवी आली होती, ती त्यानं गिळली. तिच्या हातातलं ताट घेऊन सतरंजीच्या मधोमध ठेवलं आणि तो मांडी घालून बसला.

"ये. बस."

ती बसली. एक कप उचलून घोट घेतला.

"साखर जास्त पडली," ती म्हणाली.

"हाव," म्हणत त्यानं आपला कप संपवला आणि दुसरा उचलला.