मिरचीखालचा देव

कृष्णाबाई सरदेशपांड्यांची लेक गोदावरीबाई, गोदावरीबाईंची लेक नर्मदाबाई आणि नर्मदाबाईंची लेक कावेरी. कृष्णाबाईंनी वैधव्य आल्यावर केस उतरवायला आलेल्या न्हाव्याला ओसरीवरूनच परत पाठवले होते. गोदावरीबाईंच्या घरात कोणाला कावळा शिवत नसे; पाळीला पाळीच म्हणत. आणि नर्मदाबाईंनी लेकीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी तिला समोर बसवून स्त्रीपुरुषांचे सगळे व्यवहार स्वच्छ मराठीत सांगितले आणि शेवटी विचारले, "काही शंका?"

अशा घराण्यातल्या कावेरीबाई दुबईतल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा असाव्यात आणि त्या मंडळाने एका देवाच्या कमरेला मिरची लावावी, याला काय म्हणावे?

झाले होते असे. नाताळच्या सुट्टीत मंडळाची सहल कैरोला जायची होती. निघण्याआधी चार शहाण्या गोष्टी लोकांच्या कानांवर पडाव्यात म्हणून बर दुबईतल्या हॉलमध्ये अवनीचे व्याख्यान ठेवले. अवनी इथल्या एका शाळेत इतिहास शिकवते. विषय होता प्राचीन इजिप्तमधील देव आणि देह. तिच्या चित्रांत मिन नावाचा देव होता. हा सुगीचा देव. उत्थित लिंगासह उभा. राजा त्याच्यासमोर पहिली कणसे कापी, तेव्हा राज्यात पीक येई, अशी त्या लोकांची श्रद्धा. त्याला पाहून तिकडे तीन हजार वर्षांत कोणी खिदळल्याचे ऐकिवात नाही.

आमचे सचिव सूर्यकांत यांना मात्र व्याख्यानाआधी चित्रे पडद्यासाठी लावताना ते पाहताच घाम फुटला. व्याख्यातीला विचारण्याचे सुचले नाही. देवाची लाज झाकायला त्यांच्या हाताशी तयार चित्र एकच होते: कार्यक्रमाचे प्रायोजक सुजीतशेठ यांच्या मसाल्याची खूण. लालभडक मिरची, तीही ताठ उभी. सूर्यकांतांनी ती नेमकी तिथे चिकटवली. खाली अक्षरे होती, 'घराघरांत झणझणीत.'

पडद्यावर चित्र आले आणि हॉल कोसळला. पदवीधर माणसे खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसली. पहिल्या रांगेत सुजीतशेठ आपल्या आईसह बसले होते.

दुसऱ्या दिवशी ही सगळी मंडळी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये कावेरीबाईंच्या दिवाणखान्यात येऊन बसली. महिला विभागाच्या छायाताईही होत्या. अवनी एका कडेला, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"खलास!" सुजीतशेठ म्हणाले. "सकाळपासून माझी मिरची व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. शारजाचा डीलर फोन करून विचारतो, शेठ, नवीन मेडिसिन लाँच केलं का!"

"मिरची तिथे सूर्यकांतांनी लावली," कावेरीबाई म्हणाल्या.

"बाई, मी आपलं सभ्यता म्हणून..."

"सभ्यता! जिथे कोणाचं लक्ष गेलं नसतं तिथे तुम्ही लाल बाण लावलात, सूर्यकांत."

"पण चित्रच नसतं तर मिरची कशाला लागली असती?" सुजीतशेठ मुद्द्यावर आले. "सिंपल आहे. हिनं मंडळाच्या स्टेजवर सॉरी म्हणायचं. मी अश्लील चित्र आणलं, असं क्लिअर बोलायचं. नाहीतर मी हिच्या स्कूलला मेल टाकतो."

शाळेला पत्र गेले की नोकरी गेली, आणि नोकरीमागोमाग व्हिसा. इथे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अवनीचा चेहरा उतरला. पण ती बोलली.

"सॉरी म्हणेन, काका. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल. अश्लील नाही म्हणणार. ते अश्लील नाहीच."

"अगं, मुलं होती समोर," छायाताई कळवळल्या. "फारच मोकळे होते बाई ते लोक."

कावेरीबाईंनी चष्मा काढला. त्या शिक्षिका होत्या तेव्हा वर्गातल्या मुली या हालचालीला भीत असत.

"मोकळे? संग करून अंग न धुता त्यांच्यात देवळाची पायरी चढता येत नसे. काल हिने सांगितलं तेव्हा तू मोबाइलमध्ये होतीस. आपली शय्या ते देवळात नेत नसत आणि देवाच्या सर्जनाला ते लाजत नसत. त्या मिनला ते लेट्यूस, सॅलडचा पाला वाहत. तोडला की पांढरा चीक येतो म्हणून. तोच पाला, छाया, तू वजन उतरवायला खातेस."

छायाताईंनी घाईने चहाचा घोट घेतला.

"आणि गेल्या महिन्यात याच खोलीत माझ्या नातसुनेची ओटी भरलीस. नारळ, तांदूळ, खण. कशासाठी? पोरीला भूक लागली होती म्हणून?"

सुजीतशेठ हसले नाहीत. ते घड्याळ पाहत होते. "बाई, लेक्चर झालं. मेल टाकू का? चित्र कोणी आणलं, एवढंच मला हवंय."

ज्यांना टोचून काही उपयोग नाही अशांवर शब्द खर्च करणे कावेरीबाईंनी तिथेच थांबवले. त्यांना साताऱ्याची मुलींची शाळा आठवली. तेविसाव्या वर्षी त्यांनी वर्गात लज्जागौरीचे चित्र लावले होते. प्रसूतीच्या आसनातली, शिराच्या जागी कमळ असलेली देवी. संस्था खवळली. त्यांना काढण्याचा ठराव मांडला जात असतानाच मुख्याध्यापिका ममताबाई उठून म्हणाल्या, "चित्र मी लावायला सांगितलं." ममताबाईंची खुर्ची गेली. कावेरीबाईंचा दाखला निष्कलंक राहिला आणि त्याच दाखल्यावर त्या या देशात शिक्षिका म्हणून उतरल्या. ममताबाई म्हणजे अवनीच्या आईची आई. त्या हयात असेपर्यंत परतफेडीची संधी आली नाही, आणि नुसते आभार मानण्याची कावेरीबाईंच्या घराण्यात पद्धत नव्हती.

"चित्र मी निवडलं," कावेरीबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. अवनी सर्वांत जास्त.

"विषय माझा, चित्रंही माझी. ही पोर माझ्या सांगण्यावरून बोलली. शाळेला पत्र पाठवायचं तर माझ्या शाळेला पाठवा. मला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली."

"मग तुम्ही सॉरी म्हणा."

"मी?"

त्या एका अक्षरानंतर सुजीतशेठांनी तो विषय सोडला. "ठीक आहे. पण तुम्ही प्रेसिडेंट असाल तर माझी स्पॉन्सरशिप बंद. गणपतीचं तुमचं तुम्ही बघा."

"बाई, जरा समजून घ्या," सूर्यकांत पुटपुटले. "मंडळ तुम्हीच उभं केलंत."

"उभं केलं म्हणून सोडताही येतं. दुसरी अध्यक्षा शोधा. मसाल्याला साजेशी."

मंडळी गेली. जाताना छायाताई पाया पडल्या. कावेरीबाईंनी आशीर्वाद दिला, पण तोंडातल्या तोंडात.

अवनी रडकुंडीला आली होती. "बाई, तुम्ही खोटं बोललात. तुम्ही चित्र आधी पाहिलंसुद्धा नव्हतं."

"तुझ्या आजीनेही पाहिलं नव्हतं."

मग त्यांनी सुनेला हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितला आणि अवनीला साताऱ्यापासून सारे ऐकवले, एकही शब्द मऊ न करता. खुर्चीच्या बदल्यात खुर्ची गेली होती. ममताबाईंचे देणे पुरते फिटले होते.