भोंग्यानंतरची दहा मिनिटं

आमच्या गाडीवरचा स्पीकर एकोणीस दिवस मुका होता. गाडी म्हणजे आईची, चहा-पोह्यांची, चाकणजवळ म्हाळुंग्यात एका कंपनीच्या गेटासमोरची. कुणी स्कॅन केलं की "तीस रुपये मिळाले" असं ओरडणारा तो डबा गप्प, कारण बँकेनं आईचं खातं गोठवलं होतं. का? तर म्हणे 'संशयास्पद व्यवहार'. माझी आई! एखाद्याच्या पोह्यांत शेंगदाणे कमी पडले तर दुसऱ्या दिवशी आठवणीनं जास्त घालणारी!

बँकेतले साहेब म्हणाले, "सिस्टिमनं केलंय, ताई. आमच्या हातात नाही."

"मग सिस्टिम कुठं बसते?" आईनं विचारलं. मला हसू आलं. आई मात्र खरंच विचारत होती.

कामगार आता रोख ठेवतच नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. "महिनाअखेर खातं सुटलं नाही तर गाडी विकून कंपनीत हाउसकीपिंगला लागते," आई म्हणाली. मीठ संपलंय म्हणावं, तितक्या सहज.

त्याच आठवड्यात सोनबाकाका एक कागद घेऊन आले. त्यांच्याच जागेत आमची गाडी उभी असते. "रश्मे, वाच गं हे. निगडीत सभा हाय म्हनं, मोबाइलच्या पैशावाल्यांची."

मी वाचलं. संशय आला की चौकशी होईपर्यंत अख्खं खातं बंद ठेवायचं, असा नियम सरकार पक्का करणार होतं. त्यावर पेमेंट कंपन्यांची संघटना आपलं म्हणणं पाठवणार होती, आणि त्यासाठी छोट्या दुकानदारांनाही बोलावलं होतं.

"आपल्याला कोण विचारतंय?" आई.

"अगं, विचारतायत म्हणून तर छापलंय!"

हे म्हणणारी मी, जी नववीत हजेरीला इतकं हळू "हजर" म्हणायची की बाई गैरहजेरी लावायच्या! पण यंदा दहावीत मी गॅदरिंगचं निवेदन केलंय, पूर्ण, न अडखळता. आता मला माइकची भीती नाही. बरं, थोडी आहे.

मी आईच्या व्यवहारांची यादी घेऊन बसले आणि मला सापडलंच! सगळे पैसे सकाळी सातच्या आधी दहा मिनिटांत आणि दुपारी साडेतीननंतर दहा मिनिटांत. मधे शुकशुकाट. शिवाय दर शुक्रवारी तीनशेसाठ, परत तीनशेसाठ, परत तीनशेसाठ. कारण कंपनीत एकेका लाइनवर बारा कामगार, आणि शुक्रवारी त्यांतला एकजण बाराही जणांचं बिल देतो. ही त्यांची पद्धतच आहे. सिस्टिमला वाटलं, ही बाई काहीतरी भानगड करते. अरे, ही भानगड नाही, ही शिफ्ट आहे!

निगडीच्या हॉलमध्ये एसी इतका गार की आईनं पदर खांद्यावर ओढून घेतला. संघटनेच्या सायली मॅडमनी माझं नाव पुकारलं. मी जुन्या कॅलेंडरच्या मागे काढलेला तक्ता उघडला आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेला कंपनीचा शिफ्ट सुटल्याचा भोंगा माइकसमोर धरला. भोंऽऽऽ! पुढच्या रांगेतल्या एकाच्या हातातून बिस्किट पडलं. सगळे हसले.

"हा वाजला की आमच्याकडे पैसे येतात," मी म्हणाले. "तुमच्या सिस्टिमला हा ऐकू येत नाही."

टायवाले एक काका म्हणाले, "छान, बेटा. पण चोरांचे पैसेही असेच धडाधड येतात. मग खाती थांबवायचीच नाहीत का?"

याचं उत्तर मी पाठच केलं नव्हतं! तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. आई उभी होती.

"थांबवा ना, साहेब. चोर धरलाच पाहिजे. पण आधी एक फोन करा. माझा नंबर तुमच्याकडंच आहे, ओटीपी त्यावरच येतो. आणि ज्या पैशाचा संशय, तेवढाच अडवा. माझ्या तेलाचे, गॅसचे पैसे कशाला?"

सायली मॅडम म्हणाल्या, "ताई, परत एकदा सांगा, हळू. लिहून घेते."

खातं उघडणं त्यांच्या हातात नव्हतं, पण बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता त्यांनी दिला. परतीच्या बसमध्येच मी तक्त्याचा फोटो पाठवला.

सहाव्या दिवशी आईला बँकेतून फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे भोंगा नक्की किती वाजता होतो?"

"साडेतीनला. या की, चहा पाजते."

दुसऱ्या दिवशी दुपारी खातं सुरू!

संघटनेनं सरकारला पाठवलेल्या निवेदनाची प्रतही त्याच दुपारी आली. चौथ्या पानावर आईचं म्हणणं होतं, खाली नाव: प्रभावती, पोहे विक्रेत्या, म्हाळुंगे. आईनं ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"सरकार ऐकेल का गं?"

"अजून ठरलं नाही. नाही ऐकलं तर परत लिहू. आता पत्ता माहितीये ना."

तो शुक्रवार होता. साडेतीनला भोंगा झाला, गेट उघडलं आणि डबा ओरडला, "तीनशेसाठ रुपये मिळाले!"

"बोलला गं बाई डबा!" सोनबाकाका म्हणाले.

आईनं पोह्यांवर कोथिंबीर टाकता टाकता कोपरानं डब्याचा आवाज आणखी वाढवला.