आटेमास्तरांचा रॅक

बाबांनी पाइपचं एक टोक डोळ्याला लावलं, दुसरं खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "यातून पाणी कुठून कुठे जाणार?"

"कुठेच नाही," मी म्हणाले. "यावर पुस्तकं राहणार."

हे उत्तर त्यांना पटलं नाही. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि माझ्या फोनवरचा फोटो पुन्हा मागितला. फोटोत एक रॅक होता. चार जुनाट, काळपट फळ्या आणि बाजूंना लाकडाऐवजी काळे लोखंडी पाइप, त्यांना जोडणारे एल्बो आणि टी आकाराचे सांधे, सगळं उघडंवाघडं. एखाद्या बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणल्यासारखा. बाबांनी दोन बोटांनी फोटो मोठा करून एकेक सांधा तपासला. मग आईला हाक मारून सांगितलं, की लोक आता नळाचं काम दिवाणखान्यात मांडायला लागलेत. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, की तुम्ही चौतीस वर्षं भिंतीत पुरलंत, ते कोणीतरी उकरून काढलं एकदाचं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात पाइपफिटर होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. खात्यात त्यांना सगळे आटेमास्तर म्हणत, कारण पाइपच्या टोकावर आटे पाडायचं मशीन आल्यावरही ते हातानेच पाडत. त्यांनी केलेलं काम कधी कोणाला दिसलं नाही. ते एकतर भिंतीत असायचं, नाहीतर रस्त्याखाली. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बाजारात जायचे, तेव्हा ते चालता चालता मध्येच थांबत आणि बुटाच्या टाचेने डांबरावर टकटक करून सांगत, "इथे खाली माझा एक टी आहे." मला तिथे नुसता रस्ता दिसायचा.

रॅक माझाच होता. मी सातवीत असताना कोपऱ्यावरच्या सुताराने खोक्यांच्या लाकडाचा करून दिला होता. दोन बाजू, चार फळ्या आणि भरपूर खिळे. मला एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, बसने नऊ तासांवरच्या शहरात. तिथे गच्चीवरची एक खोली ठरली होती. तिच्यात एक खाट आणि एक खुर्ची होती. रॅक न्यायचाच तर नवं रूप देऊन नेऊ, असं मी ठरवलं.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते दोनदा वाचलं आणि तिथे पाणी किती वेळ येतं एवढंच विचारलं. त्यानंतर त्या विषयावर ते बोललेच नाहीत. आईने बिल्डिंगभर सांगितलं. मी बाबांना सरळ विचारलं, तुम्हाला काय वाटतं? एकदा ते "बघू" म्हणाले. दुसऱ्यांदा उठून गेले आणि न गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलून आले. मी जाणार होतेच. पण त्यांनी तोंडाने "जा" म्हणावं, एवढं मला हवं होतं. बस रविवारी दुपारी एकची होती. आज बुधवार होता.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. रॅक सुटा झाला पाहिजे. पाइपची एक मोळी, फळ्यांची एक मोळी, दोन्ही बसच्या सामानाच्या कप्प्यात. बाबांनी मान डोलावली होती.

लाकडाचं काम माझ्याकडे होतं. मी बाजू काढल्या, खिळे उपटले, जुनं व्हार्निश घासून काढलं आणि फळ्यांना वापरल्याचे वण यावेत म्हणून त्यांच्यावर सायकलची साखळी आपटायला लागले. आई कपडे वाळत घालायला आली आणि थोडा वेळ बघत उभी राहिली. लोक जुन्याचं नवं करतात, तू नव्याचं जुनं करतेस, म्हणाली. मग जाता जाता म्हणाली, "आणि राग कोणावर आहे, ते त्या फळीला तरी सांग."

रंगासाठी मी सोमवारीच व्हिनेगरच्या बरणीत तारेची घासणी बुडवून ठेवली होती. लोखंड व्हिनेगरमध्ये विरघळतं आणि ते पाणी लाकडाला लावलं की लाकूड काळपट, जुनं दिसतं. दोन दिवसांनंतरही व्हिनेगर आरशासारखं स्वच्छ होतं. जेवताना मी तापमान, प्रमाण, पृष्ठफळ असं बरंच काही बोलले. बाबांनी बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि घासणी कुठली म्हणून विचारलं. भांड्यांचीच, मी म्हणाले.

"ही गंजत नाही म्हणूनच तिने भांडी घासतात," बाबा म्हणाले.

माझी पदवी रसायनशास्त्रातली, पहिल्या वर्गातली. आईला हसताना ठसका लागला.

बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यापुढे कागदाची पुडी ठेवली. आत लोखंडाचा कीस होता. त्यांनी पहाटेच पाइप शेगड्याच्या पकडीत घट्ट आवळून आटे पाडायला घेतले होते, त्याचाच. "हा गंजेल," ते म्हणाले. मी साबणाच्या पाण्याने त्यातलं तेल काढलं आणि कीस बरणीत टाकला. अर्ध्या तासात बारीक बुडबुडे सुटायला लागले.

त्या दिवशी मी बराच वेळ त्यांचं काम बघत बसले. पंधरा तुकडे, तीस टोकं. टोकावर आटे कापणारी डाय चढवायची, तेलाचे दोन थेंब सोडायचे, दांड्यावर अंग टाकून अर्धा फेरा पुढे, मग थोडं मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. पुन्हा पुढे. पाइप काळाच हवा, जस्ताचा मुलामा दिलेला नको, यावरून आमचा थोडा वाद झाला होता. काळा पाइप आतून गंजतो, दोन वर्षांत पाणी लाल येतं, असं त्यांचं म्हणणं. पाणी येणारच नाहीये, असं माझं. दर पाच टोकांनंतर ते उजवा खांदा डाव्या हाताने दाबत. दुकानात मशीनवर करून आणूया, असं मी सुचवलं. मशीनला कुठे थांबायचं ते कळत नाही, म्हणाले.

शुक्रवारी बरणीतलं पाणी करडं होऊन गंजाच्या रंगाला आलं होतं. खोक्याच्या लाकडात तुरट अंश कमी असतो, त्यामुळे मी फळ्यांना आधी कडक काळा चहा फासला. तो सुकल्यावर बरणीतलं पाणी ब्रशने लावलं. बाबा हात पुसत बघायला आले. पिवळी फळी आमच्यासमोर करडी झाली, मग तपकिरी, आणि चार-पाच मिनिटांत पन्नास वर्षं पावसात पडून असल्यासारखी काळसर. चहातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की असा रंग धरतो, हे मी समजावून सांगितलं.

"म्हणजे डाग," बाबा म्हणाले.

"शिकलेला डाग," आई दारातून म्हणाली.

शनिवारी मला एका दाखल्यासाठी कॉलेजात जावं लागलं. परत आले तेव्हा पाच वाजले होते. बिल्डिंगच्या मागच्या शेडमध्ये पाइपचा सांगाडा भिंतीला दोरीने बांधून उलटा उभा केला होता, पाय वर. पायांच्या उघड्या तोंडांतून बाबांनी तो काठोकाठ पाण्याने भरला होता. खाली वर्तमानपत्रं अंथरली होती. ते समोर स्टूल टाकून बसले होते.

"पाच तास झाले," ते म्हणाले. "एक थेंब नाही."

वर्तमानपत्र खरंच कोरडं होतं. मला हसू आलं. मग मी जवळ गेले आणि प्रत्येक सांध्याच्या कडेला एक पांढरी रेघ दिसली. त्यांनी प्रत्येक आट्यावर तागाचा धागा गुंडाळला होता, त्यावर सफेद्याचा पांढरा लेप चोपडला होता आणि पाना लावून, जिवाच्या करारावर, सांधे आवळले होते. पाणी अडवायचं तर असंच करतात. एकूणएक.

मी म्हणाले, "बाबा, हा सुटा व्हायला हवा होता."

त्यांनी सांगाड्याकडे बघितलं, मग खालच्या कोरड्या कागदाकडे. मग त्यांनी दोरी सोडली, सांगाडा तिरपा करून पाणी मोरीत ओतलं आणि तो सरळ करून उभा केला. दिसायला तो फोटोतल्यापेक्षा चांगला होता.

मी आईजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, की त्यांना मला जाऊ द्यायचं नाहीये, सरळ सांगता येत नाही म्हणून हे असं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पूर्ण केली. "त्यांनी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला दुसरं येतच नाही. सैल सोडलेला जॉइंट त्यांनी आयुष्यात बघितला नाही, तर ठेवतील कुठून?" मग दुसरा कपडा उचलत म्हणाली, "आणि तू तरी चार दिवस त्यांच्याशी पाइपशिवाय काय बोललीस?"

जेवताना मी सांगितलं, की रॅक इथेच राहू दे, छान झालाय, मी तिथे काहीतरी बघेन. बाबांनी बस किती वाजताची आहे ते विचारलं. त्यांना ते माहीत होतं. मी एकची म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी सातला त्यांनी मला शेडमधून हाक मारली. सांगाडा जमिनीवर आडवा ठेवला होता आणि शेजारी दोन मोठे पाने. खात्यात एक पद्धत होती, ती ते मला लहानपणापासून सांगत आले होते. बसलेल्या जॉइंटला हात लावायचा नाही. जो गळत नाही, तो उघडायचा नाही. त्यांनी एक पाना माझ्या हातात दिला.

"नुसतं एकीकडून फिरवलंस तर पुढचा जॉइंट पिळवटेल," ते म्हणाले. "एकाने धरायचं, एकाने फिरवायचं. धरणाऱ्याने हलायचं नाही." त्यांनी आपला पाना एल्बोला लावला आणि त्यावर गुडघा टेकला. "मी धरतो. तू फिरव."

पहिला सांधा हलेना. मी सगळं वजन टाकलं. मग लाकूड मोडल्यासारखा एक आवाज झाला आणि पाना माझ्या हाताखाली गेला. पुढचे त्या मानाने सोपे होते. आडव्या तुकड्यांत राहिलेलं पाणी प्रत्येक वेळी थोडंसं बाहेर यायचं, तपकिरी झालेलं. बाबा सुटलेला तुकडा घेत, आट्यांतला धागा तारेच्या ब्रशने काढत, तेलाचं बोट फिरवत आणि खडूने आकडा घालत. मग पाना पुन्हा पुढच्या सांध्याला. पाइपची तोंडं बंद करणाऱ्या टोकाच्या टोप्या तशाच ठेवल्या, तरी चोवीस सांधे होते. नवव्या-दहाव्यानंतर दर सांध्यानंतर ते उजवा खांदा दाबायला लागले. धरलेला पाना मात्र हलला नाही.

पंधरावा की सोळावा चालू असताना ते म्हणाले, की तिथे लावताना हातानेच घट्ट कर. धागा नको, सफेदा नको. पाना फक्त शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला.

मग तो डुगडुगेल, मी म्हणाले.

"थोडा हलेल. हलू दे." त्यांनी पान्यावरचा गुडघा सारखा केला. "तुला तो परत उघडावा लागेल. एकाच खोलीत थोडीच राहणार आहेस जन्मभर? पुढे मोठी घेशील. जाशील तिथे ने."

मी पाना फिरवत राहिले. थांबले असते तर त्यांनी विषय बदलला असता.

शेवटचा सांधा सुटला तेव्हा बारा वाजत आले होते. आईने फळ्या चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या आणि ती दारात उभी राहून घड्याळाचे आकडे मोठ्याने वाचत होती. बाबांनी पाइपची मोळी दोन ठिकाणी बांधली, उचलून बघितली, पुन्हा सोडली आणि तीन ठिकाणी बांधली. हातांना साबण लावायला त्यांना वेळ उरला नाही.

बसथांब्यावर कंडक्टर म्हणाला, की हे लोखंड दुसऱ्यांच्या बॅगांवर पडेल. बाबा कप्प्यात कमरेपर्यंत आत शिरले, मोळी मागच्या भिंतीला लावली आणि फळ्या तिच्यापुढे आडव्या बसवल्या. बाहेर आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते, तेलाचे आणि गंजाचे. मी पांढरा कुर्ता घातला होता. मी त्यांच्याकडे गेले, तर ते अर्धं पाऊल मागे सरकले.

चढताना माझ्या खांद्यावरचा पट्टा घसरला. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. बाबा पुढे आले आणि बोटं मागे वळवून, नुसत्या मनगटाने तो पट्टा खांद्यावर सारला. कुर्त्याला काही लागलं नाही ना, ते वाकून बघितलं.

बस सुटली तेव्हा आई हात हलवत होती. बाबा तिच्या शेजारी उभे होते, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, आणि बस वळेपर्यंत ते तसेच उभे राहिले.