मऊ लाकडाच्या दोन रेघा

कचेरीत ताईंचा शब्द शेवटचा असे आणि घरी तर तो वेदवाक्यच. आपल्या देशात पाइनसारखं मऊ लाकूड बाहेरून किती येतं आणि शेजारच्या देशात किती, याची तुलना करण्यात त्यांची हयात गेली. आलेखावर दोन रेघा होत्या: शेजाऱ्यांची चढती, आपली उतरती. आता आकड्यांशी कोण भांडणार?

धाकटा भाऊ वडिलांची लाकडाची वखार विकायला निघाला, तेव्हा याच रेघांच्या जोरावर ताईंनी त्याला अडवलं. "बाहेरचं लाकूड दरवर्षी घटतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे लोक इथलेच ओंडके चिरून घेणार. विकतोस काय वेड्या, मोठी करवत आण!" ठरलेलं गिऱ्हाईक परत पाठवून त्यानं मोठी करवत आणली. ओंडके काही आले नाहीत. भाऊ मुकाट्यानं वाट बघत बसला आणि करवतीला गंज चढला.

मग गेल्या महिन्यात ताईंच्या स्वयंपाकघराचं दार फरशीला घासायला लागलं. सुतारानं ते बिजागऱ्यांतून काढून आडवं ठेवलं, तर खालच्या कडेवर परदेशी कारखान्याचा शिक्का. ताई बघतच राहिल्या. हे पाइन आपण मोजलं कुठे?

कुठेच नाही. आपल्याकडे तयार दारं, चौकटी, रंधा मारलेल्या पट्ट्या 'बांधकामाचं सामान' म्हणून वेगळ्या मोजत; शेजारी तेच सगळं लाकडात धरत. ताईंनी हिशेब सारखा करून पाहिला, तर दोन्ही रेघा हातात हात घालून वर चाललेल्या. लाकूड घटलं नव्हतंच, फक्त चिरून, घडवून येत होतं. करवतीला काम उरणार कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. घरातली सगळी दारं ताईंनी स्वतः पसंत करून आणली होती.

त्या वखारीत पोहोचल्या तेव्हा करवत भंगारवाल्याच्या ट्रकवर चढत होती. भाऊ मोकळ्या जागेतला भुसा झाडत होता. ताईंनी त्याला सगळं सांगितलं.

"तुझंच बरोबर होतं रे. मी चुकले, आणि भोगलंस तू."

भाऊ हसला. "तू कशी चुकशील? उगाच माझी समजूत काढू नकोस. मलाच धंदा जमला नाही."

"अरे, खरंच सांगतेय!"

"बरं, राहू दे ते. पोरीची शाळा संपतेय, तिला पुढे कशात घालू? तिची आई म्हणते, तिलाच विचारा. मी म्हटलं, तिला काय कळतंय, ताईला विचारतो. तू म्हणशील तिथे घालतो."

सवयीनं उत्तर ताईंच्या जिभेवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं. भाचीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सल्ला द्यायची भीती वाटली.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारूच नकोस. तिला विचार."

भावाचा चेहरा पडला. झाडू भिंतीला टेकवून, शर्टाला हात पुसत तो जवळ आला.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "वखार बुडवली म्हणून रागावलीस का माझ्यावर?"