उजव्या पायाला रकाना नव्हता

माझ्या दादाच्या डाव्या पायाला दोन मालक होते आणि त्या गुरुवारी दुपारी तीन वाजता दोघांनीही आमच्या दारावरची बेल वाजवली. पहिल्याने वाजवल्यावर दार उघडणारच होतं, तरी दुसऱ्याने पुन्हा वाजवली. पहिल्याच्या बेलवर आपण आत आलो असं कुणी म्हणायला नको.

मी नुकतीच शाळेतून येऊन दप्तर जिन्याखाली फेकलं होतं. दोघंही डॉक्टर होते. क्लबचे डॉक्टर इतकं हळू आणि मऊ बोलायचे की मी त्यांचं नाव मखमल ठेवलं. देशाच्या संघाचे डॉक्टर ताठ, कोटाला एक सुरकुती नाही, ते इस्त्री. आईला ही नावं कळली असती तर तिने मला स्वयंपाकघरात डांबलं असतं, पण शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला माणसं कापडासारखीच दिसणार, त्याला माझा काय इलाज.

दादा फुटबॉल खेळतो. म्हणजे खेळतो कमी आणि बरा होतो जास्त. चार वर्षांत घोटा, गुडघा, पुन्हा तोच घोटा, खांदा (खांद्याने फुटबॉल कोण खेळतं, पण असो) आणि आता डाव्या मांडीचा मागचा स्नायू. पेपरवाले त्याला 'चिनीमाती' म्हणतात. आमच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आइस्क्रीमला कधी जागा मिळाली नाही, तिथे त्याच्या बर्फाच्या पिशव्या राहतात. देशाच्या संघात तो पाच वेळा निवडला गेला आणि पाचही वेळा सामन्याच्या आधी त्याचं काहीतरी सुजलं, आखडलं किंवा फाटलं. संघाची जर्सी त्याच्या कपाटात हँगरला लटकली आहे. तिला अजून घाम माहीत नाही.

ही सहावी वेळ. यादी त्याच संध्याकाळी पाच वाजता जाहीर होणार होती, सामना रविवारी.

क्लबचं म्हणणं असं, की डावा पाय तीन आठवडे जमिनीवर जोरात टेकवायचा नाही. क्लबचा स्वतःचा मोठा सामना मात्र दहा दिवसांनी होता आणि त्या दिवशी पाय आपोआप बरा होणार होता. संघाचं म्हणणं असं, की पाय ठणठणीत आहे. रविवारी नव्वद मिनिटं खेळेल, आणि सोमवारी काही झालंच तर सोमवारी तो पाय क्लबचा.

क्लबचे लोक संघाच्या इमारतीत पाऊल टाकणार नाहीत, संघाचे लोक क्लबच्या. तटस्थ जागा म्हणून आमची पुढची खोली ठरली. ही खोली म्हणजे आईचं दुकान. एका शाळेच्या बँडचे बत्तीस कोट शनिवारपर्यंत द्यायचे होते आणि कापायच्या टेबलावर अजून एकोणीस जोड्या बाह्या पडल्या होत्या. आईने गळ्यातली टेप काढली नाही, की मशीन बंद केलं नाही. "तुम्ही बोला हो, मला ऐकू येतं," असं म्हणून ती बाह्या जोडत राहिली.

दोघांनी आपापली फाइल उघडली. आतून स्कॅनचा फोटो निघाला, दोन्हीकडे तोच. शहरात ते मशीन एकच असल्यामुळे एकाच फोटोच्या दोन प्रती काढल्या होत्या. मखमल डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरून दाखवलं, इथे स्नायू फाटलाय. इस्त्री डॉक्टरांनी त्याच ठिकाणी बोट ठेवून सांगितलं, ही सावली आहे. मग मखमल डॉक्टरांना आठवण झाली, की शिकत असताना इस्त्री डॉक्टरांना सावल्या फार दिसायच्या. इस्त्री डॉक्टरांनाही वसतिगृहातलं बरंच काही आठवलं. दोघं एकाच खोलीत राहायचे, हे तेव्हा कळलं.

दादाला वरून बोलावलं. आमचा जिना चौदा पायऱ्यांचा, अरुंद, कठडा एकाच बाजूला. तो उतरायला लागला आणि माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं.

आमच्या घरात जिन्याचा एक नियम आहे. पहिला घोटा गेला तेव्हा हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी शिकवला होता: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चार वर्षांत हा नियम आमच्या अंगात इतका मुरलाय की दादाचं काय दुखतंय हे आम्ही त्याला विचारतच नाही, जिना बघतो. डावी मांडी दुखत होती तेव्हा तो डावा आधी टाकायचा. आज प्रत्येक पायरीवर उजवा आधी पडत होता. चौदाच्या चौदा वेळा.

आणि मला मंगळवार आठवला.

मंगळवारी आम्ही दोघं बागेमागच्या मोकळ्या मैदानावर गेलो होतो, आईला न सांगता. डावी मांडी बरी झालीय हे त्याला स्वतःला पटवायचं होतं. स्टॉपवॉच माझ्या हातात. सातव्या धावेला तो मध्येच थांबला, वाकला, म्हणाला बुटात खडा गेला. मी ती वेळ रद्द केली आणि विश्वास ठेवला. घरी येताना त्याने दोनदा दुकानाच्या काचेत बघायच्या निमित्ताने थांबून घेतलं होतं. तेव्हा मला वाटलं, केस बघतोय.

खाली चाचणी सुरू झाली. दोन्ही डॉक्टरांनी मिळून एक तक्ता आणला होता, दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तीन दिवस बसून केलेला. त्यात डावा पाय वाकवणे, डावा पाय ताणणे, डाव्या पायावर तीस उड्या, असे बावीस रकाने होते. उजव्या पायाला रकाना नव्हता. भांडण डाव्या पायाचं होतं, उजव्याला कोण कशाला विचारील.

दादाने डाव्या पायावर तीस उड्या अशा मारल्या की टेबलावरच्या टाचण्या नाचल्या. इस्त्री डॉक्टरांचा चेहरा फुलला. मखमल डॉक्टर खिन्न झाले आणि म्हणाले, इतकं बरं असणंच मला संशयास्पद वाटतं.

त्या गडबडीत दादा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले आणि दार लोटलं.

"उजवी पोटरी ना?" मी विचारलं.

त्याने ग्लास भरला, प्यायला नाही. "टिचके, तू काही पाहिलं नाहीस."

मला तो लहानपणापासून टिचकी म्हणतो, कारण मी तेवढीशी होते. आता मी त्याच्या कानापर्यंत येते आणि गेल्या महिन्यात अख्ख्या शाळेसमोर माइकवर बोललेय, पण टिचकीची मी टिचकीच.

मी म्हटलं, रविवारी ती फाटली तर.

"फाटू दे. एकदा ती जर्सी घालून मैदानात उतरायचंय गं मला. पाच मिनिटं. मग पुढचं पुढे." मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सातव्यांदा बोलावत नाहीत कुणाला."

तो ग्लास तसाच ठेवून बाहेर गेला, आणि मी बघितलं, उंबरा ओलांडताना उजवी टाच खाली टेकलीच नाही.

बाहेर साडेचार वाजले होते. दोन्ही डॉक्टर आळीपाळीने जिन्याखाली, माझ्या दप्तराजवळ उभे राहून वरिष्ठांना फोन करत होते, आणि शेवटी तह झाला. दादा रविवारी खेळेल, पण पहिला हाफच. पंचेचाळीस मिनिटं पाय देशाचा, सेहेचाळिसाव्या मिनिटापासून क्लबचा. मध्यांतराला मखमल डॉक्टर स्वतः मैदानाच्या कडेला उभे राहून पाय ताब्यात घेतील आणि पावती देतील. हे मी मनाने सांगत नाहीये, कागदावर 'ताबा' आणि 'पावती' हेच शब्द होते. साधं टेबल हलवतानासुद्धा माणसं विचारतात की बाबा रे, पाय सैल आहेत का. इथे कुणी विचारलं नाही.

दादा हसत होता. चार वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. इस्त्री डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"उजव्या पायावर उडी मारायला सांगा," मी म्हटलं.

आवाज जरा मोठाच निघाला. मशीन थांबलं. दादाने माझ्याकडे बघितलं. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे बघू नये.

मखमल डॉक्टर मऊपणे म्हणाले, बाळ, उजवा पाय चर्चेत नाही. इस्त्री डॉक्टर म्हणाले, तक्त्यात तशी सोय नाही. मग मी सगळं सांगून टाकलं: जिना, मंगळवार, सातवी धाव, बुटातला खडा. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं हेही सांगितलं. ते सांगताना आईकडे बघितलं नाही.

मला वाटलं, आता कुणीतरी दादाला बसायला सांगेल.

मखमल डॉक्टरांनी आधी तारीख विचारली. मंगळवार म्हणजे संघाचं पत्र आल्यानंतरचा दिवस, म्हणजे ही दुखापत संघाच्या काळातली. इस्त्री डॉक्टर म्हणाले, छे, तो मंगळवारी क्लबच्या उपचाराखाली होता, बूटही क्लबचे. तेव्हा मखमल डॉक्टरांना उजवी पोटरी बघता बघता निर्दोष वाटू लागली. मघाशी तीन आठवडे हलवू नका म्हणणारा माणूस, मुलगा धडधाकट आहे, खेळू दे देशासाठी, असं म्हणायला लागला. आणि मघाशी नव्वद मिनिटं मागणाऱ्या इस्त्री डॉक्टरांना पोटरीत इतका बिघाड दिसला, की हा मुलगा आमच्या दारात येण्याआधीच मोडला होता असं लिहून द्या, असा त्यांनी हट्ट धरला. डाव्या पायावर दोघांनाही हक्क हवा होता. उजवा दोघंही एकमेकांच्या गळ्यात घालत होते. आणि त्या पायावर माझा भाऊ उभा होता.

आई उठली. तिने गळ्यातली टेप काढली, दोन्ही डॉक्टरांच्या मधून वाट काढली आणि दादासमोर खाली बसली. पँटचा एक पाय वर सरकवला, मग दुसरा. बत्तीस पोरांची मापं घेतलेला हात. डावी पोटरी अडतीस सेंटिमीटर. उजवी चाळीसच्या वर, पाऊण.

तिने टेप सोडली नाही. "कुठं दुखतंय रे?" तिने विचारलं.

अख्ख्या दुपारी हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. दादाने ओठ घट्ट मिटले, भिंतीकडे बघितलं, मग वाकून पोटरीवर मधोमध बोट ठेवलं. "इथं," तो म्हणाला. "फार दुखतंय, आई." आणि टेबलावरच्या उरलेल्या बाह्यांवरच बसला.

पाच वाजता यादी आली. त्यात तो नव्हता. क्लबने पत्रक काढलं की संघाच्या निष्काळजीपणामुळे, संघाने काढलं की क्लबच्या. दोन्ही पत्रकांत डावी मांडी होती. तक्त्यात तीच होती ना.

दादा माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. ताटली द्यायचा, टीव्हीचा रिमोट द्यायचा, शब्द नाही. आई मंगळवारबद्दल जे बोलली ते मी इथे सांगणार नाही, पण दोघांनाही सारखंच मिळालं. जिन्यावर मी त्याच्या मागे उतरायचे, तो पडला तर धरायला. मी पन्नास किलोची, तो ऐंशीचा, पण तरी.

रविवारी सामना बघायला तो पुढच्या खोलीत येऊन बसला. कोट गेले होते, म्हणून खोली मोठी वाटत होती. उजवा पाय आईच्या मशीनच्या स्टुलावर, त्यावर बर्फ. बाविसाव्या मिनिटाला त्याच्या जागी खेळणारा मुलगा गोलासमोर घसरला आणि चेंडू वरून गेला. मी हळूच दादाकडे बघितलं.

"मी पण तिथून वरच मारला असता," तो म्हणाला.

तीन दिवसांतलं पहिलं वाक्य. मी लगेच म्हटलं, तू मारायच्या आधी पडला असतास. आईने डोळे वटारले, पण दादा हसला, थोडासाच.

मध्यांतराला त्याने खिशातून स्टॉपवॉच काढलं. मला वाटलं होतं, ते त्याने फेकून दिलं असेल.

"सहा आठवड्यांनी," तो म्हणाला. "आधी नुसतं चालायचं. आणि मी खडा म्हटलं की बूट काढून बघायचा."

मी हात पुढे केला.